शेवटचा उभा मका

शनिवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आर्डेन हाल्व्हर्सनच्या शेतात हार्वेस्टर सुरू झाला. बांधाअलीकडे, स्वतःच्या ओकच्या झाडावरच्या मचाणात बंदूक घेऊन बसलेला व्हर्लिन ट्वेट ताडकन उभा राहिला.

हरणांच्या बंदुकीने शिकारीच्या हंगामाचा तो पहिला दिवस. अकरा वर्षं व्हर्लिन एका वहीत आसपासच्या रानांचे नकाशे काढत होता: सोयाबीन कधी पिवळं पडलं, कोणाचा मका कापला, हरणं कुठून कुठे सरकली. निष्कर्ष एकच. सगळी रानं मोकळी झाली की मोठा नर शेवटच्या उभ्या मक्यात शिरतो. यंदा विस्कॉन्सिनच्या त्या टापूत उभा मका उरला होता फक्त आर्डेनचा, अठरा एकर. आर्डेन त्याचा मेहुणा. आणि गावातल्या बारमधल्या पाटीवर सर्वांत मोठ्या शिंगांचा मानकरी म्हणून नऊ वर्षं त्याचंच नाव होतं.

मका राहिला होता तो हार्वेस्टरचा पट्टा तुटल्यामुळे. जुनं यंत्र, पट्टा कुठे मिळेना. चर्चमधल्या मासळीच्या जेवणात आर्डेनने सगळ्यांना विचारलं, तेव्हा व्हर्लिन "बघतो" म्हणाला होता. तसला पट्टा त्याच्याच शेडमध्ये होता, आणि त्याने तो बघितलाही होता.

शुक्रवारी त्याची बायको मार्लिस शेड आवरायला गेली. संध्याकाळी तिने भोपळ्याच्या वड्यांचा डबा आणि पट्टा भावाकडे पोचवला. सोमवारी बर्फ पडणार होतं. आर्डेनने बंदूक घरी ठेवून आधी मका कापायला घेतला.

व्हर्लिनने मचाणातून कुजबुजत घरी फोन केला.

"मीच दिला पट्टा," मार्लिस म्हणाली. "तू विसरला होतास ना?"

विसरलो होतो, असं त्याला म्हणावंच लागलं.

अकरा वर्षांचा हिशेब त्याच्या डोळ्यांदेखत ओळीओळीने कापला जात होता. पण आर्डेनने सुरुवात पलीकडून केली होती. मक्याची पट्टी अरुंद होत बांधाकडेच सरकत होती. नऊ वाजून दहा मिनिटांनी आठ ओळी उरल्या. त्यांतून एक दांडगा नर निघाला, बांधावरून उडी मारून व्हर्लिनच्या उतारावर वीस पावलांवर थांबला. एकच गोळी पुरली. शिंगांना टोकं बारा, आर्डेनच्या विक्रमापेक्षा एक जास्त.

आर्डेन यंत्र बंद करून आला. त्याने टोकं दोनदा मोजली.

"दाजी, शेत माझं, मका माझा, हाकारा माझा. आणि नाव तुमचं?"

"पडला कुणाच्या रानात ते बघ," व्हर्लिन म्हणाला.

संध्याकाळी पाटी पुसली गेली आणि नऊ वर्षांनी नवं नाव चढलं. सगळ्या बारने पाठ थोपटली. व्हर्लिनने वही छातीशी धरून पिकांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. शेजारी बसलेल्या मार्लिसने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एकच सांग," ती म्हणाली. "विसरलेला पट्टा तीन पोत्यांखाली, तुझ्या जुन्या कोटात गुंडाळून कसा ठेवला होता?"

आर्डेनने ग्लास खाली ठेवला.

सोमवारी दुपारीही पाटीवर व्हर्लिनचंच नाव होतं. मार्लिसच्या प्रश्नावर तो अजून "बघतो" एवढंच म्हणाला आहे.