खरी नकल

१९९६ च्या प्रवेशासाठी एका सरकारी अभिकल्प (डिझाइन) महाविद्यालयाने जे माहितीपत्रक काढले, त्याच्या सातव्या पानावर अशी अट होती की उमेदवाराने स्वतः काढलेली बारा चित्रे जोडावीत आणि प्रत्येक चित्र राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावे. आदल्या वर्षी काही उमेदवारांनी मामांनी काढलेली चित्रे आपली म्हणून दिली होती. मामांना आळा बसावा, हा हेतू. हेतू चांगलाच होता. आजवर कुठल्याही अटीचा हेतू वाईट असल्याचे ऐकिवात नाही.

खानदेशातून येऊन सुरतेत नवागामला राहणाऱ्या कविता सुकदेव पाटीलला ही अट सगळ्यांत सोपी वाटली, कारण चित्रे तयार होती. वडील लूमवर जात आणि आई अनुसया घरी बसून साड्यांच्या मागचे सुटे धागे कापी. साड्यांच्या खोक्यांचा पांढरा पुठ्ठा घरात मुबलक. त्यावर दोन वर्षे कविताने समोर दिसेल ते काढले होते: मान मोडून धागे कापणारी आई, शेजारच्या धुरपदाबाईंची शेळी, गल्लीतला हातपंप आणि त्यापुढची हंड्यांची रांग. अशी बारा चित्रे पिशवीत घालून ती एका सरकारी कचेरीत गेली. तिथे वशीसाहेब राजपत्रित होते, आणि त्यांच्या दाराशी मधुकर कुळकर्णी नावाचे कारकून बसत. ते मराठी निघाले म्हणून कविताला धीर आला.

"मूळ प्रत आणि झेरॉक्स, दोन्ही दे," मधुकररावांनी हात पुढे केला.

"काका, ही मूळच आहेत. यांच्यावरच सही हवीय."

"मुळावर सही होत नसते, बाळ. मूळ बघायचं आणि नकलेवर सही करायची. मुळावर सही केली तर साहेबांनी बघायचं काय?"

प्रश्न बिनतोड होता. मधुकरराव चित्रे घेऊन आत गेले आणि अर्ध्या तासाने प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आले. साहेबांनी मार्ग काढला होता. ही चित्रे कशाकडे तरी बघून काढली आहेत ना? मग ज्याकडे बघून काढली ते मूळ, आणि चित्र ही नकल. तेव्हा मुळे हजर करावीत.

"माय, तुले साहेबनी बलायेल शे," कविताने घरी सांगितले.

"माले? मनं काय काम शे तठे?"

"तू मूळ शे."

अनुसयाने त्या दिवशी साड्या बाजूला ठेवल्या, डोक्यावरून अंघोळ केली, लग्नकार्यातले पातळ नेसली. कचेरीत पंख्याखाली बाकावर तासभर बसायला मिळाले, तेवढ्यात तिचा डोळाही लागला. वशीसाहेबांनी एकदा चित्राकडे पाहिले, एकदा तिच्याकडे, आणि मान हलवली. मधुकररावांनी खुलासा केला, "चित्रातल्या बाई दमलेल्या आहेत. या ताज्या दिसतात. जुळत नाही."

"मग काय करू?" कविताने विचारले.

"चित्र दुरुस्त कर. नाहीतर उद्या यांना दमवून आण."

"ते सोपं शे, भाऊ," अनुसया म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पहाटेपासून तीनशे साड्यांचे धागे कापून तशीच आली. साहेबांचे तत्काळ समाधान झाले. नियमानुसार शिक्का मजकुरावर अर्धा तरी चढला पाहिजे, म्हणून तो अनुसयाच्या चित्रातल्या गालावर बसला. जांभळ्या शाईत गुजराती अक्षरे उमटली: खरी नकल, म्हणजे सत्यप्रत. कविताला तो गाल जमवायला आठ दिवस लागले होते. तिने चित्र पिशवीत घातले. अकरा सह्या बाकी होत्या.

शेळीच्या बाबतीत अडचण निराळी होती. चित्र काढले तेव्हा ती गाभण होती, कचेरीच्या आवारात आणली तेव्हा व्यालेली. "मूळ प्रतीत फेरफार झालाय," मधुकरराव गंभीरपणे म्हणाले. धुरपदाबाईंनी शपथपत्रावर अंगठा उठवून दिला की सदर फेरफार नैसर्गिक असून त्यात अर्जदाराचा हात नाही. शेळीच्या पोटावर शिक्का बसला.

हातपंप मात्र कचेरीत आणता येईना. साहेबांनी संबंधित खात्याला पत्र लिहून पंप अस्तित्वात असल्याचा दाखला मागवला. नवव्या दिवशी उत्तर आले, सदर गल्लीत पंप असल्याची नोंद आढळत नाही.

"म्हणजे चित्र काल्पनिक आहे," मधुकरराव म्हणाले.

"काका, मी आज सकाळी त्याच पंपाचं पाणी प्यालेय."

"ते तोंडी झालं. लेखी काय आहे?"

चार दिवसांनी नवागामच्या त्या गल्लीत खात्याची गाडी आली. नोंद नसलेला पंप उभा असल्याचे पत्रामुळे खात्याच्या लक्षात आले होते. दुपारपर्यंत माणसांनी पंप उपटला, नळी ओढून काढली, भोक सिमेंटने बुजवले, आणि जाता जाता त्यातल्या एकाने जवळच्या घरी कागद दिला: नोंद व वस्तुस्थिती यांत आता तफावत राहिलेली नाही. त्या संध्याकाळपासून बाया रुळांपलीकडून पाणी आणू लागल्या. कविताला कुणी शिवी दिली नाही. धुरपदाबाई फक्त तिच्या दारावरून जाताना हंडा या कडेवरून त्या कडेवर घेत आणि तोंड फिरवत. कविताने दोन दिवस पेन्सिल हातात धरली नाही.

अर्जाची मुदत आठवड्यावर आली. तिसऱ्या दिवशी ती उठली, पंपाचे चित्र आणि उरलेली नऊ बाजूला ठेवली आणि पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, लाइटबिल, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा कारखान्याचा पास: दिवसाला दोन या हिशेबाने तिने दहा कागद पेन्सिलने हुबेहूब उतरवले. घड्या, डाग, टाचणीची भोके, सगळे. वशीसाहेबांनी मुळे पाहिली, नकला पाहिल्या आणि दहा मिनिटांत दहा सह्या केल्या. मधुकररावांना भरून आले. "आधीच असं काढलं असतंस तर आईला त्रास झाला नसता," ते म्हणाले.

मुलाखतीला पाच तज्ज्ञ होते. सगळ्यांचे कुडते खादीचे, सगळ्यांच्या दाढ्या विचारपूर्वक वाढवलेल्या. रेशनकार्ड हातोहात फिरले.

"केवढा धारदार उपहास," पहिले तज्ज्ञ म्हणाले. "आणि आईच्या गालावर शिक्का. हे तुला सुचलं कसं?"

"मला नाही सुचलं. साहेबांनी मारला."

"पाहिलंत, श्रेयसुद्धा नाकारते," दुसरे तज्ज्ञ हळूच म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतले.

"आणखी काही आणलंयस?"

कविताने पिशवीतून पंपाचे चित्र काढले. तज्ज्ञांनी ते लांब धरून पाहिले. रेखाटन चांगले होते, पण त्यात भाष्य नव्हते, असे त्यांचे एकमत झाले. नुसता पंप होता आणि पाणी भरणाऱ्या बाया होत्या. शिवाय ते साक्षांकित नव्हते.

कविताचे नाव यादीत पहिले आले. महाविद्यालयाने सुरतेतल्या एका सभागृहात निवडक चित्रांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तिच्या कागदांपुढे सर्वांत जास्त गर्दी झाली. शिक्षक, बँकेतले, वाचनालयाचे सभासद, कचेऱ्यांतलेही बरेच आले. मधुकरराव सहकुटुंब आले आणि शेळीच्या चित्राला जोडलेले शपथपत्र वाचून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. व्यवस्थेची चांगली जिरवली, असे जो तो दुसऱ्याला सांगत होता. दाराशी अभिप्रायाची जाड वही होती.

अनुसया शेवटच्या दिवशी आली, रुळांपलीकडून पाणी आणून झाल्यावर. तिला वाचता येत नसे. कविताने वहीतले एकेक पान वाचून दाखवले. फार हसलो. पोट धरून हसलो. असेच लिहीत, चुकले, काढत राहा. तीन पानांवर नुसतेच 'हा हा' होते.

"पंप परत कवय येई, आसं कोनी लिखेल शे का?" अनुसयाने विचारले.

पंप परत केव्हा येणार, हे शोधत कविताने वही शेवटपर्यंत चाळली आणि मिटली.

वाचकहो, इथवर आपणही हसतच आला असाल. वही अजून दाराशीच आहे. सही करा आणि पुढे व्हा, मागे रांग आहे.