मामांनी बेल मारली नाही

आमचे लक्ष्मणमामा कुठल्याही माणसाला पहिल्या भेटीत एकच प्रश्न विचारतात, "कुठं उतरणार?"

समोरचा माणूस घरात पाटावर बसलेला असो नाहीतर हारतुरे घेऊन स्टेजवर, त्यानं फरक पडत नाही. माझी मुलगी बारा दिवसांची असताना तिला मांडीवर घेऊन त्यांनी हेच विचारलं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात थेंब घालणाऱ्या डॉक्टरांनाही विचारलं. शनिवार असल्यामुळं डॉक्टर घरी निघाले होते. ते गडबडीत "लातूर" म्हणाले, तेव्हा कुठं मामांनी डोळा उघडला.

मामा एसटीत कंडक्टर होते. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा ह्या रस्त्यावर तीस वर्षं त्यांनी उभ्यानं काढली. निवृत्त होऊन आता वीस-बावीस वर्षं झाली, वय ऐंशीच्या पुढं गेलं, पण मामा काही गाडीतून खाली उतरलेले नाहीत. खोलीत शिरले की आधी डोकी मोजतात. दार लागल्याशिवाय बसत नाहीत आणि बसण्याआधी भिंतीवर बोटानं दोनदा टकटक करतात. लग्नात गेले की मांडवाच्या तोंडाशी उभे राहून "मागं रिकामं हाय, सरका मागं" म्हणत लोकांना हलवतात. माझ्या लग्नात त्यांनी वऱ्हाड इतकं मागं सरकवलं की मंगलाष्टकांच्या वेळी बोहल्याजवळ भटजी, आम्ही दोघं आणि मामा एवढेच उरलो. अक्षता आमच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. माझ्या संसारातल्या बऱ्याच अडचणींचं मूळ बायको तिथं शोधते.

तर अशा मामांना घेऊन मी आणि बायको संग्रहालय बघायला गेलो. त्याला कारण होतं माझं लेखन.

धाराशिवला शहराबाहेर मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावर एक नवं संग्रहालय झालं आहे. तिथं काचेमागं तलवारी वगैरे ठेवलेल्या नाहीत. तिथं आपणच इतिहासाच्या आत जातो, असं म्हणतात. चारी भिंतींवर चित्रं पळतात, जमीन हादरते, धुराचा वाससुद्धा येतो. संग्रामात लढलेल्यांच्या वारसांनी येऊन आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, खातरजमा करून त्या माणसाचं नाव तिथल्या मोठ्या भिंतीवर लावलं जाईल, असं त्यांनी जाहीर केलं होतं. वाचल्याबरोबर मला आजोबा आठवले, म्हणजे मामांचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही. पण आमच्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक होतं, की सोलापूरच्या वाटेवर निजामाच्या हद्दीचा जो करोडगिरी नाका होता, मालावर जकात घेणारा, तो क्रांतिकारकांनी जाळला तेव्हा आबा तिथं होते. दर सतरा सप्टेंबरला झेंडावंदन करून आलं की आई हे सांगायची. पुढं ती "विचार तुझ्या मामाला" म्हणायची, आणि मामांना विचारलं की ते म्हणायचे, "होते की नाक्यावर." बास. त्यापलीकडं एक शब्द नाही. मोठी माणसं आपल्या पराक्रमाबद्दल बोलत नाहीत, त्यांची मुलंही बोलत नसावीत, असं आम्ही धरून चाललो.

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळं इतिहास लिहिताना माझा हात मोकळा सुटतो. अर्जात मी आबांच्या हाती पलिता दिला. पाठीला बंदूक दिली. शेवटी "ज्वालांच्या उजेडात त्यांचा चेहरा तळपत होता" असंही लिहिलं. बायकोनं वाचून एवढंच विचारलं, "तुम्ही होता का तिथं चेहरा बघायला?" मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. अर्ज मंजूर झाल्याचा फोन आला. फक्त मुलानं स्वतः येऊन दोन शब्द सांगायचे राहिले होते. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर बातमी टाकली. पुण्याच्या मावसभावानं भिंतीसमोर फोटो काढायला सगळ्यांनी एकाच रंगाचे फेटे घ्यायचे का, असं विचारलंसुद्धा.

अडलं ते मामांपाशी. महिनाभर ते नाहीच म्हणत होते. गुडघा दुखतो, उन्हाळा आहे, शेजाऱ्याची म्हैस व्यायला झाली आहे. म्हशीचं ते काय करणार होते कोण जाणे. शेवटी मी नळदुर्गला त्यांच्या घरी जाऊन बसलो आणि संग्रहालयात काय काय आहे ते सांगू लागलो. तुरुंग आहे, रझाकार आहेत, घोडे आहेत, नाका आहे.

"नाका हाय?" मामांनी विचारलं.

"आहे ना. जळताना दाखवलाय म्हणे."

 मामांनी उठून धुतलेलं धोतर काढलं. मला वाटलं, माझ्या वक्तृत्वाचा विजय झाला.

संग्रहालयाच्या दारातच गोंधळ सुरू झाला. तिथल्या एका बाईंनी, कानाला माइक लावलेल्या, हसतमुख, चाळिशीतल्या, मामांचं स्वागत केलं. मामांनी त्यांना कुठं उतरणार ते विचारलं. बाई म्हणाल्या, आपण आधी पहिल्या दालनात उतरू. मामांना त्या डॉक्टरांनंतर प्रथमच ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं, आणि ते खूश झाले.

आत काळोख होता. तीस-पस्तीस माणसं गोल खोलीत उभी होती. मामांनी मोजली आणि सवयीनं सगळ्यांना मागं सरकवलं. पण खोली गोल, त्यामुळं मागं कुठं हे कुणालाच कळेना, आणि माणसं भिंतीकडून भिंतीकडं फिरत राहिली. तेवढ्यात चित्रं सुरू झाली. एकदम गाव उभं राहिलं, गल्ली, पार, कुत्री. मग टापांचा आवाज आला आणि डावीकडून एक घोडा थेट माझ्या अंगावर आला. मी पटकन खाली बसलो. असं बसणारा त्या दिवसातला मी एकटाच होतो, हे मला नंतर सांगण्यात आलं. चष्मा पडला तो शोधून दिला बायकोनं, आणि वर म्हणाली, "क्रांतिकारकाचे नातू ना तुम्ही?"

मामा मात्र भिंतीकडेच्या दांड्याला धरून ताठ उभे होते. जमीन हलत होती, पण हलत्या जमिनीवर उभं राहण्यात त्यांची हयात गेली होती.

मग नाका आला.

माळावर एकटी कौलारू खोली, रस्त्याला आडवा बांबू, बांबूला टांगलेला कंदील. झाडीतून माणसं आली, घोषणा झाल्या, आणि छपरानं पेट घेतला. खोलीत खरंच ऊब जाणवली. लोक टाळ्या वाजवू लागले. मीही वाजवल्या, कारण पलिता घेतलेल्या एकाचा चेहरा मला ओळखीचा वाटू लागला होता. त्याच वेळी मागच्या दारातून नाक्याचा शिपाई पळाला. धोतर अर्धं सुटलेलं, पायात काही नाही, पाठीला भलंमोठं गाठोडं. गोल भिंतीवरून तो आमच्या सगळ्यांभोवती एक पूर्ण चक्कर पळाला. कुणीतरी शिट्टी मारली. "लुटीचा माल घेऊन पळतंय बघ," कुणीतरी म्हणालं. सगळे खळखळून हसले आणि मीही हसलो.

दिवे लागले तेव्हा मामा भिंतीकडं तोंड करून उभे होते.

ध्वनिमुद्रणाची खोली छोटी होती. एक खुर्ची, एक माइक. बाईंनी मामांना बसवलं, माझा अर्ज समोर ठेवला आणि म्हणाल्या, "काका, निवांत सांगा. त्या दिवशी तुमचे वडील नाक्यावर काय करत होते?"

मी खुणेनं पलित्याची आठवण करून दिली. मामांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"त्यो पळणारा माणूस कोण घेतलाय तुमी?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाई जरा गोंधळल्या. असा कुणी ठरावीक माणूस नाही, म्हणाल्या. एवढ्या गंभीर प्रसंगात लोकांना जरा हलकं वाटावं म्हणून तो घातला आहे.

"त्याच्या पाठीवर गाठोडं दावलंय."

"हो."

"गाठोडं न्हवतं ते," मामा म्हणाले. "म्या होतो."

मला आधी वाटलं, मामांना चक्कर आली. मग वाटलं, त्या धुराच्या वासानं त्यांचं डोकं फिरलं. बायकोनं माझ्या दंडाला धरलं, म्हणजे तिला समजलं होतं. मला समजायला पुढचा पाऊण तास लागला.

आबा त्या नाक्यावर शिपाई होते. निजामाचे नोकर. बैलगाडी आली की बांबू वर करायचा, गेली की खाली करायचा, दिवस मावळला की कंदील लावायचा, एवढंच काम. मामांची आई बाळंतपणाला माहेरी गेली होती, माझी आई तेव्हाच जन्मली. पाच वर्षांचं पोर घरी कुणाजवळ ठेवणार, म्हणून ते बापाजवळ नाक्यावरच झोपायचं. माणसं आली तेव्हा ते झोपेत होतं. आलेल्यांपैकी एकानं, मामांनी हे दोनदा सांगितलं, आबांना मारलं नाही. "लेकरू घे आन् पळ," म्हणाला. आबांनी घोंगडीत गुंडाळून पोराला पाठीशी बांधलं आणि ते काट्याकुट्यातून घरापर्यंत पळत गेले. त्यानंतर ते पुन्हा कुणाचे नोकर झाले नाहीत. राज्य बदललं, गावात मिरवणूक निघाली, आबा घरात बसून राहिले. जन्मभर रस्त्यावर खडी फोडली. नाक्याचं नाव कुणी काढलं की उठून जायचे.

"मग घरात ते लढल्याचं कुणी सांगितलं?" मी विचारलं. 

"कुणीच न्हाय. शाळेत गुर्जी इचारायचे, तुझा बाप कुठं होता रं? म्या म्हणायचो, नाक्यावर. खरंच होतं ते. गुर्जींनी पाठ थोपटली. तुझ्या आईनं तेच ऐकलं, तिनं तुला सांगितलं." मामा धोतराचा सोगा बोटांनी सारखा करत राहिले. "म्या खोटं बोललो न्हाय सुधाकरा. गाडी चुकीच्या फाट्याला वळाली. म्या बेल मारली न्हाय."

बाईंनी माइक बंद केला होता की चालू ठेवला होता, मला आठवत नाही. त्या थोड्या वेळानं फार हळू आवाजात म्हणाल्या, की भिंत लढलेल्यांसाठी आहे, त्यामुळं अवघड आहे.

"न्हाय न्हाय, भिंतीवर बिलकूल नगं," मामा लगेच म्हणाले. "ज्यांनी जाळला त्यांचीच नावं ऱ्हाऊ द्या. लई चांगलं काम केलं त्यांनी. आबाबी म्हणायचे, एकदाच म्हणाले, चांगलं झालं जळलं ते." मग म्हणाले, "पर ते गाठोडं काढता आलं तर बगा. लोक हसत्यात."

बाई म्हणाल्या, चित्रपट मुंबईला तयार झालाय, त्यांच्या हातात काही नाही, पण त्या वर कळवतील. त्यांनी माझा अर्ज घडी करून परत दिला. तळपणारा चेहरा वरच्या घडीवरच आला. मी तो खिशात कोंबला आणि ग्रुपवर फेट्यांबद्दल काय लिहावं, ह्याचा विचार करत बाहेर आलो. सगळ्यांना खरं सांगावं तर आईचं काय करायचं? ती आता नाही, पण दर सतरा सप्टेंबरला तिचा आवाज कानात येतोच. आणि मामांनी एवढी वर्षं जे अंगावर वागवलं, ते मी ग्रुपवर चार शब्दांत कसं टाकणार होतो?  मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, आधी चहा घ्या.

चहा घेताना बघतो तर मामा नाहीत.

पुढचा खेळ सुरू झाला होता. मी गोल खोलीचा पडदा सारून आत डोकावलो. शाळेची सहल आली होती, मुलं दाटीवाटीनं उभी होती. मामांनी ह्या वेळी कुणाला मागं सरकवलं नव्हतं, मोजलंही नसावं. ते भिंतीला अगदी लागून उभे होते. छप्पर पेटलं, टाळ्या झाल्या, शिपाई मागच्या दारातून निघाला आणि मुलांत हशा पिकला. तो पळायला लागला तसे मामाही भिंतीकडेनं चालू लागले. दुखऱ्या गुडघ्यानं, त्या पळणाऱ्या चित्राच्या जेवढं बरोबर राहता येईल तेवढं राहत. मुलांना वाटलं, हे खेळातलंच कुणी असावं, ती बाजूला होऊन त्यांना वाट देत गेली.

माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा तळवा भिंतीवर होता, आणि ते अगदी हळू बोलत होते.

"दमानं, आबा. मागं कुणी न्हाय आता."