बाटलीवरचे दातारकाका

आमच्या सोसायटीतले दातारकाका जिना उतरताना कठडा सोडत नाहीत आणि प्रत्येक पायरीला "आई गं" म्हणतात. हेच काका चौकातल्या औषधाच्या दुकानात मात्र फडताळावर ताठ उभे असायचे. सांधेदुखीच्या एका तेलाच्या बाटलीवर त्यांचा फोटो होता आणि खाली लाल अक्षरं : 'गुडघे ठणठणीत! आता मी पर्वती धावत चढतो!'

लोक त्यांना रस्त्यात गाठत. "अहो काका, खरंच गुण येतो?"

"येतो की. फोटोत."

एका प्रदर्शनात काकांनी ते तेल घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं तो फोटो काढला होता आणि न विचारता छापला होता. रद्दीवाल्याच्या काट्यावरून भांडणारा हा माणूस आता कंपनीला कोर्टात खेचणार, अशी आमची खात्री होती. पण काका गप्प. उलट रोज संध्याकाळी दुकानात जायचे, बाटली हातात घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवून न्याहाळायचे आणि परत ठेवायचे. दुकानदार म्हणायचा, "घेऊन टाका की एक."

"खोट्या मालाला पैसे? मुळीच नाही."

म्हातारपणी स्वतःच्याच प्रेमात पडलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. बायकोला तसं म्हणालोही.

मग सरकारनं खोट्या दाव्यांबद्दल त्या तेलावर कारवाई केली. दुकानांतल्या बाटल्या जप्त झाल्या आणि एक अधिकारी जबाब घ्यायला काकांकडे आला. सोबत म्हणून काकांनी मला बोलावून घेतलं.

"गुडघे बरे झाले?"

"नाही."

"पर्वती चढलात?"

"लग्न झालं तेव्हा. त्या वेळी तेल लागत नव्हतं."

"मग फोटोत इतके ताठ कसे?"

"हिनं धरलं होतं."

अधिकाऱ्यानं सोबत आणलेली बाटली मी उचलून पाहिली. काकांच्या दंडावर, फोटोच्या अगदी कडेला, बोटं होती. छापणाऱ्यानं काकूंना कापलं होतं, बोटं तेवढी राहिली होती. फोटो काढल्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या होत्या.

"शेवटचा फोटो आमचा," काका म्हणाले. "मूळ प्रत कंपनीकडेच राहिली. ही एक बाटली ठेवता का? तेल ओतून घ्या हवं तर."

"पुरावा आहे, काका. नाही देता येणार."

"बरोबर आहे. लोक फसतात. न्या." काकांनी सही केली आणि पंखा उगाच मोठा केला. मला फार वाईट वाटलं.

घरी येऊन मी आईचं कपाट उपसलं. गुडघ्यांसाठी तिनं तीच बाटली आणली होती. ती नेऊन काकांच्या हातात दिली. त्यांनी तेल बेसिनमध्ये ओतलं आणि लेबल भिजू नये म्हणून बाटली धोतराच्या सोग्यानं हलकेच पुसत बसले.

"काका, तुम्हाला कधीच फरक पडला नाही?"

"ही चोळायची तेव्हा पडायचा हो," ते म्हणाले. "उरलेलं मी एकट्यानं चोळून पाहिलं. काहीसुद्धा नाही."