पाइपाला कान लावणारे खैरनार

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाला बेल वाजली की ओळखायचं, खैरनार आले. "पाइप ऐकायचाय," एवढंच बोलून, चपला काढून, ते थेट बाथरूममध्ये जातात आणि भिंतीला कान लावून उभे राहतात. एकदा माझी बायको आत अंघोळीला होती, तर दाराबाहेरून त्यांनी तिलाच ऐकायला सांगितलं.

सातपूरला एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी पाइपफिटिंग केलं. आमच्या गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी उभ्या लोखंडी पाइपातून खाली येतं. ठेकेदाराने तो प्रत्येक मजल्यावर सिमेंटात घट्ट आवळला होता. "तापलं की लोखंड वाढतं, भाऊ," खैरनार समजावत. "वजन एका जागी पेलायचं, बाकी ठिकाणी सरकू द्यायचं." सरकायला जागा नव्हती, म्हणून तो रोज सकाळी ठणठण वाजायचा. आम्हाला सवय झाली होती. त्यांनी कमिटीला सहा अर्ज दिले. चेअरमन त्यांना पाइपबाबा म्हणायचे आणि मीही हसायचो.

शेवटी पाना आणि रबराच्या पट्ट्या घेऊन ते स्वतःच कामाला लागले. वरून एकेक मजला मोकळा करत चौथ्यावर, म्हणजे स्वतःच्या घरापर्यंत आले, तेव्हा शिडी धरायला त्यांनी मला बोलावलं. तीन वर्षं एकाच बिल्डिंगमध्ये राहून मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच गेलो.

बाथरूमच्या भिंतीला लागून पलंग होता. पलंगावर त्यांची बायको. लकव्याने वाचा गेलेली. आम्ही काम सुरू करायच्या आत पाइप वाजला. ती अंगभर दचकली आणि चालता हात तिने छातीशी धरला.

"तिला सांगता येत नाही," खैरनार हळूच म्हणाले. "म्हणून मी सांगत फिरतो."

संध्याकाळपर्यंत खालचे मजलेही मोकळे झाले आणि दुसऱ्या सकाळी पाइप वाजला नाही. ती नऊपर्यंत झोपली, हे सांगायला ते मुद्दाम जिना उतरून आले. असे दीड महिने गेले. मग ती गेली.

त्या दिवशी सगळी बिल्डिंग त्यांच्या घरी जमली. अर्जात बायकोचं का लिहिलं नाही, असं चेअरमननी खालच्या आवाजात विचारलं.

"अर्ज पाइपाचा होता," खैरनार म्हणाले.

तेराव्यानंतर एका सकाळी पुन्हा बेल वाजली. त्यांनी भिंतीला कान लावला. काहीच वाजत नव्हतं. तरी ते गेले नाहीत, स्वयंपाकघरात येऊन बसले. माझ्या बायकोने चहा पुढे ठेवला.

"एकट्यापुरता चहा अजून जमत नाही," ते म्हणाले. "रोज दोन कप होतो."