सात वड्यांचा फाऊल

कुंदामावशींचा पाय एकदा जिन्यात माझ्या पायावर पडला. त्यांनी तिथल्या तिथे हात वर केला, "माझा फाऊल, चार," असं जाहीर केलं आणि संध्याकाळी स्टीलच्या डब्यातून चार नारळाच्या वड्या आणून दिल्या. गोडदेवच्या या बिल्डिंगमध्ये मी तेव्हा नुकताच राहायला आलो होतो. मला वाटलं, बाई मनाने गोड आहे, पण डोक्याने जरा सरकलेली आहे. दोन्ही अंदाज बरोबर निघाले.

स्नूकरमध्ये आपल्याकडून चूक झाली की गुण समोरच्याला मिळतात. कमीत कमी चार, जास्तीत जास्त सात. मावशी महिलांच्या स्पर्धांना रेफरी म्हणून उभ्या राहायच्या, आणि हा नियम त्यांनी टेबलावरून उचलून थेट संसाराला लावला होता. शेजाऱ्यांचा पेपर त्यांच्या आधी वाचला, चार वड्या. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींना बिनडोक म्हटलं, सहा. सेक्रेटरींना डायबेटीस. तरी ते सहाच्या सहा खाऊन मोकळे झाले आणि पुढच्या सभेत मावशींना मुद्दाम डिवचू लागले. मीही काही साधू नाही. मावशी जिना उतरताना दिसल्या की मी पाय जरा पुढे काढून उभा राहायचो.

दुसऱ्याचा फाऊलही त्या सोडत नसत. भाजीवाल्याचा अंगठा काट्याला लागला की भर बाजारात हात वर. तोही शेवटी शहाणा झाला. "आंटी, मेरा फाऊल," म्हणत आपणहून चार मिरच्या जास्त टाकायचा.

मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा लवकर गेला. घरी ब्लाऊज शिवून त्यांनी एकुलत्या मुलीला, मीनलला, वाढवलं. शाळेत असतानाच मीनलला स्नूकरचा नाद लागला. तो हॉल पुरुषांनी भरलेला, पोरीला एकटीला कसं सोडायचं? म्हणून मावशी रोज प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीत हातशिलाई घेऊन बसायच्या. पोरगी खेळ शिकली, आई नियम शिकली. पुढे परीक्षा देऊन रेफरी झाली. हातातले पांढरे मोजेसुद्धा स्वतः शिवलेले.

मावशींची दोन वाक्यं ठरलेली. "दिसलं तर द्यायचं, नाही दिसलं तर तोंड मिटायचं." आणि मीनलसाठी खास, "आपला फाऊल आपण सांगायचा. रेफरीची वाट बघायची नाही."

ही मीनल मी कधी पाहिली नव्हती. ती लग्न होऊन नागपूरला गेली आणि सहा वर्षांत एकदाही आईकडे आली नाही. दिवाळीला फोन यायचा, गोळ्या घेतेस ना विचारायची आणि ठेवून द्यायची. आणि दरवर्षी स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात मावशी नागपूरला पार्सल पाठवायच्या. त्यात सात वड्या. सहा नाहीत, आठ नाहीत.

त्यामागची गोष्ट बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी मीनल इथल्या महिला स्पर्धेच्या फायनलला पोचली. नेमका दुसरा रेफरी आला नाही. आईने मुलीच्या मॅचला उभं राहायचं कसं, असा प्रश्न निघाला, तर समोरची मुलगीच म्हणाली, कुंदामावशी असतील तर माझी काही हरकत नाही. शेवटच्या डावात टेबलावर एकटा काळा बॉल उरला. मीनल पाच गुणांनी मागे. काळ्याचे सात. तो घातला की ती चॅम्पियन, आणि फाऊल झाला तर खेळ तिथेच खलास. मीनल वाकली, आणि मावशींचा हात वर गेला. मीनलचं जाकीट काळ्याला लागलं म्हणाल्या. फाऊल, सात. मीनलने आईकडे नुसतं पाहिलं, क्यूची काठी पेटीत ठेवली आणि परत कधी काढली नाही.

असली आई लाखात एक, असं लोक कौतुकाने सांगायचे. मीही पाहुण्यांना सांगायचो.

यंदा स्पर्धेला गुण लिहायला माणूस मिळेना, तेव्हा मावशींनी मला धरून नेलं. दोन दिवस मी फळ्यापाशी उभा राहून चुका केल्या आणि त्यांनी त्या मोठ्याने जाहीर केल्या. रविवारी दुपारी फायनल. एका बाजूला मीरा रोडची मुलगी, दुसऱ्या बाजूला उत्तनची ग्रेसी. शेवटच्या डावात पुन्हा काळा एकटा उरला. ग्रेसी लांब हात टाकून वाकली आणि मीरा रोडवाल्यांच्या खुर्च्यांतून आवाज आला, "टच हुआ, बाही टच हुआ!"

सगळे मावशींकडे बघायला लागले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ग्रेसी सरळ उभी राहिली. "मला कललं न्हाय, मावशी. लागला असंल तं द्या फाऊल."

मावशींनी वाकून काळा बॉल नीट पाहिला. मग म्हणाल्या, "मला दिसलं नाही. न दिसलेलं मी देणार नाही."

ओरडा झाला, पण त्या हलल्या नाहीत. ग्रेसीने काळा घातला आणि जिंकली. मावशींनी बक्षीस समारंभाला न थांबता मोजे काढून पर्समध्ये ठेवले.

रिक्षात मी त्यांची तारीफ करायला गेलो. त्यांनी मला गप्प केलं.

"त्या दिवशीपण दिसलं नव्हतं, सुहास," त्या म्हणाल्या. "वाटलं होतं. बॉल हलल्यासारखा वाटला. परकी पोर असती तर तोंड मिटून राहिले असते. पण सगळे बघत होते ना, कुंदा पोरीला सोडते काय म्हणून. माझं नाव राखायला मी तिचा खेळ घालवला."

मी म्हटलं, तिला सांगितलंत का कधी? मान हलवून नाही म्हणाल्या. "सात पाठवते दरवर्षी. सातापेक्षा मोठा फाऊल खेळात नाही रे. असता तर तो पाठवला असता."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात आल्या. हातात फोन. मीनलचा नंबर लावून दे, म्हणाल्या. मी लावून दिला आणि आत निघालो, तर इथेच बस म्हणाल्या. फोन त्या नेहमीच स्पीकरवर ठेवतात. चोरून बोलण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असं त्यांचं म्हणणं.

"मीनल, त्या फायनलला मला दिसलं नव्हतं गं. उगाच दिला मी फाऊल."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लागलं होतं, आई," मीनल म्हणाली. "जाकिटाची कड लागली होती. मला कळलं होतं. मी तुझ्याकडे बघत बसले, तुला दिसलं नसेल तर बरं, म्हणून. मीच हात वर करायला हवा होता. कुठल्या तोंडाने घरी येऊ? आणि तू दरवर्षी सात वड्या पाठवतेस. एकसुद्धा घशाखाली उतरली नाही माझ्या."

एका दिवसात मिटलं असतं, त्याला सहा वर्षं लागली. मला तिथेच, त्यांच्यासमोर, रडू आलं.

मावशींचा हात सवयीने वर गेला होता. पण फाऊल कुणाचा आणि कितीचा, हे काही त्यांना सांगता येईना. पलीकडे मीनलच्या रडण्याचा आवाज येत होता. मग मावशींनी हात हळूच खाली घेतला आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"ते जाकीट मीच सैल शिवलं होतं गं," त्या म्हणाल्या.