लिलाववाल्याची शांत खोली

घरातली शांत खोली मी स्वतःच्या हातांनी करणार, असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मी नाउमेद होणाऱ्यांतला नाही!

मी भाजीबाजारात लिलाव पुकारतो. माझा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, तोही भोंग्याशिवाय. घरी मात्र सासूबाईंचा टीव्ही आणि बायकोचा मिक्सर यांनी मला भंडावून सोडलं होतं. आणि माझ्याहून जास्त आमच्या छकुलीला. ती स्वमग्न आहे. आवाज वाढला की कानांवर हात घट्ट दाबून टेबलाखाली जाते. हल्ली तर ती आमच्याबरोबर जेवायलाही येईना. आपलं लेकरू आपल्याच घरात लपून बसतं, हे मला बघवत नव्हतं.

"तिला स्वतःची जागा द्याच," तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "पण आधी त्रास कशाचा होतो ते बघा."

"त्यात बघायचं काय? टीव्ही आणि मिक्सर!"

मी अडगळीची खोली रिकामी केली. भिंतींना जाड फोम, खाली गालिचा, मंद दिवा, तिच्या लाडक्या बाटल्यांच्या झाकणांसाठी एक फळी. दाराला तर दुहेरी फोम! छकुलीला थंड धातूचा स्पर्श सोसत नाही, म्हणून दाराचं आतलं हँडल काढून बाहेर जेवणाच्या टेबलावर ठेवलं. बाहेरच्या हँडलला लोकर गुंडाळून झाली होती, याला गुंडाळायची होती.

"आता चाचणी!" मी बायकोला म्हणालो. "मी आत लिलाव पुकारतो. ऐकू आलं तर दार वाजव. नाही आलं, तर खोली पास!"

"आणि पास झाली हे तुम्हाला कळणार कसं?"

"दार वाजणार नाही, त्यावरून!"

आत गेलो, दार ओढून घेतलं. कांदा पुकारला. दार वाजलं नाही. बटाटा पुकारला. शांतता! स्वतःची पाठ थोपटत मी बाहेर पडायला हात पुढे केला, तर हाताला फोम लागला. हँडल टेबलावर होतं!

"अगं, दार उघड! अडकलोय!"

कुणी आलं नाही. फोन बाहेर चार्जिंगला लावलेला. मी टोमॅटोच्या मोसमातला खास आवाज काढला. तरी काही नाही. मी जितका जास्त ओरडत होतो, तितकी खोली जास्त गुणांनी पास होत होती!

घसा पार बसायला आला आणि दार उघडलं. समोर छकुली!

"आली रे आली माझी वाघीण!" मी गरजलो.

तिनं कानांवर हात ठेवले, माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि खांद्यानं ढकलून दार लावून टाकलं.

शेवटी जेवणाच्या वेळी बायकोनं सोडवलं. "खोली पास!" ती म्हणाली. मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. छकुली चक्क टेबलाशी बसली होती. झाकणांची रांग लावत, गुणगुणत जेवत होती. टीव्ही चालूच होता.

"मघाशी मी मिक्सरही लावला होता," बायको हळूच म्हणाली. "तिनं मान वर केली नाही."

"जावईबापू, खोली झकास झालीय हो!" सासूबाई म्हणाल्या. "रोज बसत जा!"

मला फार वाईट वाटलं. घरात भोंगा एकच होता, आणि त्यानंच बाकीच्यांच्या आवाजाची तक्रार केली होती.

आता हँडल बसलंय, लोकरीसकट. बाजाराचे फोन मी त्या खोलीतच घेतो. बाहेर कुजबुजतो. छकुली रोज आमच्यात जेवते.

काल मी आत बसलो असताना ती आपणहून आली. शेजारी बसली आणि माझ्या तळहातावर एक झाकण ठेवलं. आजवर तिनं झाकण कुणालाही दिलं नव्हतं! माझे डोळेच भरून आले.

"अगं, बघितलंस का!" मी आनंदानं बायकोला हाक मारत ओरडलो.

छकुली उठली. तिनं झाकण परत घेतलं, बाहेर गेली आणि दार लावलं. अगदी हळू, जराही आवाज न करता. दार कसं लावायचं असतं, ते मला दाखवलं असेल.