कामरलिंगाचा उत्सव

"नाव काय म्हणालात त्यांचं?" आबासाहेबांनी विचारलं. शेवगावच्या शाळेचे ते अध्यक्ष.

"हाइके कामरलिंग ओन्नेस," विज्ञान शिकवणारे मार्तंड निसळ मास्तर म्हणाले. "येत्या दहा जुलैला चाळीस वर्षं होतील. हेलियम नावाचा वायू त्यांनी इतका गार केला, की त्याचा पाण्यासारखा द्रव झाला. तोवर पृथ्वीवर एवढी थंडी कुणी पाहिली नव्हती. मुलांना तासभर सांगावं म्हणतो. थोडा बर्फ आणून एखादा प्रयोगही दाखवीन."

"कुठले हे?"

"हॉलंडचे."

"म्हणजे डच." आबासाहेबांनी पानाचा डबा मिटला. "तिकडे डच लोक इंडोनेशियाच्या उरावर बसलेत, आपल्या सरकारनं त्यांची विमानं अडवलीत, आणि आपण त्यांच्या माणसाला हार घालायचा? शाळेत हे नाव निघायचं नाही."

"ते वारले, आबासाहेब. सव्वीस साली."

"मग त्यांना काही वाईट वाटणार नाही."

निसळ मास्तर तसे गरीब स्वभावाचे. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवत. पण कुणी 'करायचं नाही' म्हटलं, की त्यांच्या अंगात काहीतरी शिरत असे. बेचाळीस साली प्रभातफेरी काढू नका असा हुकूम आला, तेव्हा त्यांनी ती सकाळी काढली आणि संध्याकाळी पुन्हा काढली.

"शाळेत नको ना?" ते उठत म्हणाले. "मग शाळेसमोर करतो. तो लिंब काही शाळेचा नाही."

आदल्या दिवशी त्यांनी गावच्या दवंडीवाल्या गोरक्षाला दवंडी द्यायला सांगितलं. नाव त्याच्याकडून घोकून घेतलं. पण ओन्नेस काही त्याच्या जिभेवर ठरेना. दुसऱ्या आळीपर्यंत ते नाव गळून पडलं, आणि उरलेली दवंडी गावभर फिरली: "ऐका हो ऐका. उद्या सकाळी शाळंम्होरल्या लिंबाखाली कामरलिंगाचा उत्सव हाय. नगरहून बर्फ येनार हाय."

दिवेलागणीला शेजारच्या रंगुबाई मास्तरांच्या दारात आल्या.

"मास्तर, उद्या नुस्ता बेल वाहायचा, का पांढरं फूल बी चालतं?"

"कशाला?"

"बर्फाचं लिंग येतंय न्हवं? अमरनाथाला असतं तसं."

"रंगुबाई, तो देव नाही. प्रोफेसर आहे. कामरलिंग हे त्याचं आडनाव."

"आडनावातच देव हाय म्हंजे मानूस मोठाच आसनार," रंगुबाई म्हणाल्या आणि बेल तोडायला गेल्या.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. तोवर बर्फ आणायचं काम घेतलेला नगरच्या प्रवासी मोटारीचा ड्रायव्हर बन्सी हीच बातमी ऐकून झोपला होता. पहाटे मोटार घेऊन तो नगरला गेला. बर्फाची लादी भुशात घालून, पोत्यात गुंडाळून मोटारीच्या टपावर टाकायची, असं ठरलं होतं. बन्सीनं ती टपावर टाकली नाही. शेजारची सीट पुसली, भुसा झटकला आणि देवाला तिथं बसवलं. वाटेत एका वकिलानं ती जागा मागितली, त्याला मागं कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी बसवलं.

मोटार लिंबाखाली थांबली तेव्हा निम्मं गाव तिथं जमलं होतं. बन्सीनं पोतं उलगडलं. आत नारळाएवढा बर्फ होता.

"एवढाच?" मास्तरांनी वाकून पाहत विचारलं.

"निघताना लई मोठा हुता, मास्तर. तिसगावला बायांनी पानी घातलं, अमरापूरला दूध."

"अरे, पाण्यानं बर्फ वितळतो."

"म्हून काय देवाला पानी घालू नका म्हनायचं?"

एवढ्यात आबासाहेब तरातरा आले. ते उत्सव मोडायलाच आले होते. पण पुढच्याच रांगेत आरतीचं ताट घेऊन त्यांच्या मंडळी मनकर्णाबाई उभ्या होत्या. आबासाहेबांची चाल मंदावली. त्यांनी मास्तरांना लिंबामागं घेतलं.

"शहाणे असाल तर देव म्हणून उरका. मी मध्ये पडणार नाही. डच हा शब्द तोंडातून निघाला, तर सोमवारी शाळेची पायरी चढायची नाही."

मास्तरांनी गर्दीकडं पाहिलं. माणसं हात जोडून उभी होती. एक शब्द गिळला की नोकरी शाबूत होती. ते पुढं गेले आणि घसा खाकरून म्हणाले, "मंडळी, हा देव नाही. कामरलिंग ओन्नेस हा हॉलंडचा माणूस होता. डच."

जोडलेले हात हळूहळू खाली आले. मनकर्णाबाईंच्या ताटातली वात तेवढी तडतडली.

"मंग केलं काय त्यानं?" रंगुबाईंनी विचारलं.

"थंडीचा तळ गाठायला निघाला. होणार नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यानं ऐकलं नाही."

"तुमच्यावानीच की," रंगुबाई म्हणाल्या. "दावा काय दावायचं ते."

मास्तरांनी निम्मा बर्फ फोडून पत्र्याच्या डब्यात टाकला, वर मूठमूठ मीठ घातलं. पाट ओला करून डबा त्यावर ठेवला आणि ढवळत राहिले. डब्याला बाहेरून गोठलेलं पांढरं दव धरलं.

"पुरे झाला तमाशा," म्हणत आबासाहेबांनी कडीला धरून डबा उचलला. डब्याबरोबर पाटही उचलला गेला. त्यांनी हिसका दिला. पाट सुटला नाही, उलट त्यांच्या गुडघ्यावर आपटला. मागं कुणीतरी हात जोडले.

"चमत्कार नाही," मास्तर ओरडून सांगत होते. "खालचं पाणी गोठलंय, म्हणून चिकटलाय." ते कुणाच्या कानावर गेलं नाही. सगळ्यांना आता प्रसाद हवा होता.

मास्तरांनी उरलेला बर्फ पातेल्यात फोडला आणि पातेलं पोटाशी धरलं.

"देतो. पण आधी पूर्ण नाव घ्यायचं."

रांग लागली. "हायके कामरलिंग वन्नेस," रंगुबाई म्हणाल्या. मास्तरांनी ते दुरुस्त करून पुन्हा म्हणवून घेतलं, तेव्हा कुठं त्यांच्या तळहातावर खडा पडला. गोरक्षाला चार वेळा म्हणावं लागलं. ज्या माणसाचं नाव शाळेत निघायचं नव्हतं, त्याचं नाव शेवगाव घोकत होतं.

शेवटी आबासाहेब उरले. गुडघा चोळत बाजूला उभे होते.

"म्हना की," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्या म्हनलं."

आबासाहेबांनी आजूबाजूला पाहिलं, हात पुढं केला आणि पुटपुटले, "ओन्नेस."

"पूर्ण," मास्तर म्हणाले.

आबासाहेबांनी पूर्ण नाव घेतलं. तोवर पातेल्यात पाणीच उरलं होतं. मास्तरांनी ते त्यांच्या ओंजळीत ओतलं. त्यांनी ते डोळे मिटून पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.